मिस्कुटाची बरणी, चवथीची गोळी आणि चाळीस थेंब: वयात येताना खरं काय, खोटं काय

पाळीतल्या मुलीने हात लावला म्हणून मिस्कुट, म्हणजे गोव्यातलं कैरीचं लोणचं, बिघडलं असं म्हणतात. बरणी बिघडली तर आधी चमचा बघावा. तो ओला होता का, मीठ कमी पडलं का, कैरी पुसून कोरडी केली होती का. बुरशीला ओलावा लागतो, आणि पावसाळ्यात गोव्यातल्या स्वयंपाकघरात ओलाव्याला तोटा नाही. बरणी उघडणाऱ्या मुलीला पाळी आली होती की नव्हती, हे बुरशीला कळायला वाटच नाही. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या अस्तरातून येतं. हातातून, घामातून, श्वासातून काही बाहेर पडत नाही. चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगून बांधतात त्या माटोळीचंही तेच. भाद्रपदाच्या दमट हवेत टांगलेले केळ्यांचे घड तिसऱ्या दिवशी काळे पडणारच, कुणीही बांधलेले असोत.

वयात येण्याविषयी कानावर आलेली कुठलीही गोष्ट तपासायची तर दोन प्रश्न विचारा. हे घडायचं तर शरीरात कुठल्या वाटेने घडेल? आणि खरंच काही बिघडलं असेल तर हातात वेळ किती आहे? पहिल्या प्रश्नावर बहुतेक गैरसमज तिथल्या तिथे गळतात. दुसरा जास्त मोलाचा, कारण लाजेपायी वाया जातो तो वेळ. काही गोष्टींना दोन वर्षं थांबलं तरी चालतं. काहींना सहा तासही फार होतात.

कधी काय होतं

मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलग्यांमध्ये ९ ते १४. मुलीची पहिली खूण बहुधा छातीची असते: स्तनाग्राखाली बोराएवढी, दाबली की दुखणारी गाठ. ती पुष्कळदा आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी तिला गाठते. आया घाबरतात. थांबा, कॅन्सर नाही. ही गाठ कापून तपासायला तर मुळीच देऊ नका, कारण तोच पुढे वाढणारा स्तन आहे. पाळी यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते.

मुलग्याची पहिली खूण घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आधी अंडकोश वाढतात. आवाज फुटणं, मिसरूड हे मागाहून. मधल्या काळात साधारण निम्म्या मुलग्यांच्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ येते आणि ती सहा महिने ते दोन वर्षांत विरते. फुटबॉल झाल्यावर सगळे शर्ट काढतात आणि एकच जण अंगात ठेवतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. त्याला आधीच सांगून ठेवलंत तर त्याची दोन वर्षं सुखाची जातील.

डॉक्टरकडे कधी जायचं? मुलीत आठच्या आत किंवा मुलग्यात नऊच्या आत बदल दिसले तर. तेराव्या वर्षापर्यंत मुलीच्या छातीत काहीच बदल नसेल, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा चौदाव्या वर्षापर्यंत मुलग्याचे अंडकोश वाढले नसतील तर. पाळीनंतर मुलीची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते, आणि डब्यातली कुठलीही पावडर हा आकडा बदलत नाही. मुरमं लग्न झाल्यावर जातात, दाढी केली की केस जाड येतात, या दोन्ही गोष्टी खोट्या. पुढे जाऊ.

पाळी: सांगायचं कसं, तपासायचं काय

नवव्या-दहाव्या वर्षी, डाग दिसायच्या आधी, सांगून ठेवा. लांबलचक भाषण नको. ‘बाय, एखाद्या दिवशी चड्डीवर तपकिरी डाग दिसला तर ती पाळी. तुला काही लागलेलं नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड आणि एक चड्डी ठेवलीय. शाळेत असलीस तर टीचरला सांग आणि घरी आलीस की मला.’ एवढं पुरे. तपकिरी हा शब्द मुद्दाम घालायचा. पहिलं रक्त पुष्कळदा लाल नसतंच, मग मुलीला वाटतं शी लागली, आणि ती दिवसभर कुणाला सांगत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने कधीही येऊ शकते, कारण दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. ‘अठ्ठावीस दिवसांनी आली नाही म्हणजे काहीतरी गडबड’ हे या वयाला लागू नाही. तीन महिन्यांहून जास्त खंड पडला तर मात्र दाखवा. रक्तस्राव २ ते ७ दिवस. तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील किंवा आठवा दिवस उजाडला तर ‘सुरुवातीला असंच होतं’ म्हणून थांबू नका. काही मुलींमध्ये रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्या पाळीतच कळतो.

पोटात दुखतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे. ते गर्भाशयाला आवळतं. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अॅसिड ही औषधं हे द्रव्य बनणंच कमी करतात, म्हणून कळ शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरू होताच, काहीतरी खाऊन घेतलेली गोळी जास्त लागू पडते. किती मिलिग्रॅम, ते वजनावर आहे; डॉक्टरला एकदा विचारून कागदावर लिहून ठेवा. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर विचारल्याशिवाय नकोच. ‘गोळीने गर्भाशय खराब होतं, पुढे मूल होत नाही’ यात तथ्य नाही. उलट गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर ते सोसायचं दुखणं नव्हे, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर वाढण्याचा आजार) आहे का ते बघायला हवं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा कपडा

कपडा वापरणं गैर नाही. ओला कपडा वापरणं गैर. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हीच खरी अडचण आहे, आणि लपवालपवीमुळे ती दुप्पट होते: न्हाणीघरात, चादरीखाली, दाराआड वाळत घातलेला कपडा आतून दमटच राहतो. त्यावर बुरशी धरते, मांड्यांना पुरळ येतो, खाज सुटते, आणि दोष ‘पाळीच्या घाणीला’ दिला जातो.

सहा ते आठ सुती तुकडे ठेवा, फिक्या रंगाचे, म्हणजे डाग निघाला की नाही ते दिसतं. वापरल्यावर आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात पक्कं बसतं आणि डाग मग जात नाही. नंतर साबण लावून धुवा, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळा, कारण खाजेचं एक कारण राहिलेला साबणच असतो. ऊन असेल तर थेट उन्हात. नसेल तर पंखा चालू असलेल्या खोलीत एकेक तुकडा मोकळा पसरून, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री. हाताला कोरडा लागला तरी नाकाला कुबट आला तर तो कपडा बाद. पॅडचं पाकीटही पावसात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं.

कपडा असो वा पॅड, चार ते सहा तासांनी बदला, स्राव कमी असला तरी. पाळीचा कप (आत बसवायचा, रक्त गोळा करणारा) वापरायचा तर दोन पाळ्यांच्या मध्ये पाच मिनिटं उकळा, आणि आठ ते बारा तासांच्या आत रिकामा करून धुवा. कपाने ‘कौमार्य जातं’ ही भीती खोटी. योनिपटल म्हणजे झाकण किंवा सील नव्हे. ती कडेची लवचीक घडी आहे, प्रत्येकीची वेगळी. काहींना ती जन्मतःच अगदी कमी असते. त्यावरून कुणाचा शरीरसंबंध आला की नाही हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बलात्कार पीडितेची ‘दोन बोटांची’ तपासणी चुकीची ठरवली.

वापरलेला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या कचऱ्यात. कमोडमध्ये टाकाल तर तो पाणी शोषून फुगतो आणि सेप्टिक टँकची वाट अडवतो, मग गाडी बोलवावी लागते.

चवथीची गोळी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की फार्मसीत नोरेथिस्टेरॉनचा खप वाढतो. ही पाळी पुढे ढकलण्याची गोळी. नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ‘दूषित रक्त अंगात साठतं’ हा गैरसमज. प्रोजेस्टेरॉनसारखं द्रव्य मिळत राहिलं की अस्तर जागेवर टिकतं, सुटतच नाही. साठायला काही नसतं.

ती फसते ती दोन कारणांनी. डाग दिसू लागल्यावर सुरू केली जाते, किंवा पाहुण्यांच्या गडबडीत दुपारची राहते. शिवाय ती गर्भनिरोधक नाही. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल, यकृताचा आजार असेल, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल तर शेजारणीच्या पाकिटातली गोळी घेणं धोक्याचं.

आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला? तिची तारीखच पक्की नसते, तर तीन दिवस आधी मोजायचं कुठून? आमचं मत विचाराल तर आरतीला उभं राहता यावं म्हणून मुलीच्या पोटात हार्मोन घालण्यापेक्षा तिला तशीच उभी राहू द्यावी. घरातल्या आजीशी हे बोलायला आषाढातच सुरुवात करा. चवथीच्या आदल्या रात्री नको.

अंगावरून पांढरं

पाण्यासारखा किंवा अंड्याच्या पांढऱ्यासारखा, खाज नसलेला स्राव वयात येताना सुरू होतो आणि महिन्यातल्या दिवसांप्रमाणे कमी-जास्त होतो. ‘हाडं झिजून पांढरं जातं’ या समजाला वाट कुठली? हाडातून योनीकडे जाणारा मार्गच नाही. अशक्त वाटत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. ते कमी असू शकतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची असते. जेवणानंतर घ्यायला सांगा, चहाबरोबर नको, आणि शी काळी झाली म्हणून बंद करू नका.

दह्यासारखा गठ्ठा आणि खाज, माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणं: यातलं काही असेल तर त्या आठवड्यात डॉक्टर. आतून साबण, डेटॉल, सुगंधी वॉश काही नको. योनीतलं आम्लच जंतूंना आवरतं, साबण ते मोडतो. बाहेरून साधं पाणी पुरतं.

मुलग्यांसाठी, आणि त्यांच्या बाबांसाठी

‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य.’ वाट विचारा. वीर्य साधारण २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे जास्तीत जास्त चहाचा एक चमचा. त्यातला बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव, पाणी आणि थोडी फळसाखर. शुक्राणू फार थोडे, आणि त्यांचं उत्पादन अखंड चालू असतं. रक्तातून थेंब मोजून ते बनत नाही. झोपेत वीर्य जाणं म्हणजे साठलेल्याला वाट मिळणं. मराठीत त्याला स्वप्न‘दोष’ म्हणतात हीच पहिली चूक. हस्तमैथुनाने लिंग वाकडं होत नाही, दृष्टी जात नाही, किडनी अशक्त होत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. अभ्यास, झोप, खेळ मागे पडू लागले तरच ती चिंतेची बाब.

या भीतीलाच एक नाव आहे: धात सिंड्रोम. भारतीय मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ते वैद्यकात आणलं. अशक्तपणा खरा असतो, पण तो येतो काळजी आणि जागरणातून. बसस्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ अशा जाहिराती याच भीतीवर जगतात. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. भिंतीवरचा नंबर लावायचा नाही, हे मुलाला कायद्यासकट सांगा.

पुढची कातडी मागे जात नसेल तर जोर लावू नका. बऱ्याच मुलांत ती वयात येता येता आपोआप सैल होते. अंघोळीत जेवढी सहज सरकते तेवढी मागे घेऊन पाण्याने धुवायची आणि आठवणीने पुढे आणायची. मागे अडकून सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना.

जांघेतला गजकर्ण हा दमट हवेतला जुना सोबती. फार्मसीतून ‘खाजेचं मलम’ म्हणून स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात पडतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरते आणि पुढे औषधाला दाद देत नाही. मलमावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का वाचा. असेल तर परत द्या. साधं एक टक्का क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावा, आणि डाग गेल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवा. चड्डी सुती, रोज बदललेली, पूर्ण वाळलेली. टॉवेल वेगळा.

आता सहा तासांची गोष्ट. अंडकोशात अचानक असह्य कळ, बहुधा एकाच बाजूला, मळमळ किंवा उलटी. अंडकोश देठाशी पिळला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. १२ ते १८ या वयात हे जास्त होतं. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा वाचतो, दिवस उलटला तर बहुधा काढावाच लागतो. मुलगा लाजून ‘पोट दुखतं’ एवढंच म्हणतो आणि घरात ओवा-सोडा होतो. म्हणून या वयाच्या मुलाचं खालचं पोट अचानक दुखू लागलं तर सरळ विचारा: ‘खाली दुखतंय का?’ हो म्हणाला तर सकाळची वाट नको, शेक नको, खाणंपिणं नको. १०८ लावा. काणकोणहून किंवा वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पोचायलाच तास-दीड तास जातो, तो हिशोबात धरा.

अठरा ओलांडलेल्यांना

कायदा आधी. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, त्याप्रमाणे अठराच्या आत संमतीला अर्थ नाही, दोघांचं प्रेम असलं तरी, आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण या भीतीने गरोदर मुलीला डॉक्टरपासून लपवून ठेवणं सगळ्यात घातक. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिने आणि पालकाने विनंती केल्यास, डॉक्टरने पोलिसांना उघड करण्याची गरज नाही.

कंडोम पाकिटात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने रबर सडतं. तारीख बघा, दातांनी फाडू नका, टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मुळापर्यंत उलगडा. उलटा लागला तर तो फेकून नवा घ्या. खोबरेल तेल आपल्या घरात सगळ्यालाच चालतं, इथे चालत नाही: तेल आणि व्हॅसलीनने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्यावर आधारित जेलच वापरा. दोन कंडोम एकावर एक घातले तर घासून फाटतात.

‘पहिल्या वेळी गर्भ राहत नाही’ खोटं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतात, त्यामुळे ‘सुरक्षित दिवस’ अनियमित पाळीत मोजताच येत नाहीत. तातडीची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा. ती बीज सुटणं लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही. पपई आणि अननसही पाडत नाहीत. पाळी आठवडाभर लांबली तर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. पाकिटावर दिलेल्या वेळेत दुसरी रेघ पुसट आली तरी ती रेघच. गर्भपात कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतो, ठरावीक परिस्थितीत चोवीसपर्यंत दोघांच्या. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही. गर्भाशयाऐवजी नळीत गर्भ असेल तर फार्मसीतून गुपचूप आणलेल्या गोळ्यांनी जीवावर बेततं.

एचआयव्ही डासाने, संडासाच्या भांड्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. धोका झाला असं वाटलं तर ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, सरकारी रुग्णालयात जा. २८ दिवसांचं औषध संसर्ग रोखू शकतं. चाचणी मोफत आणि गुप्त असते. तिसऱ्या दिवशीच्या नकारार्थी अहवालावर निश्चिंत होऊ नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा. १०९७ या नंबरवर नाव न सांगता विचारता येतं. मुलाला कुणी नकोसा स्पर्श केला असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन.

डॉक्टरकडे जाताना शेवटच्या पाळीची पहिली तारीख, त्रास सुरू झाल्याची वेळ आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. आईबाबांनी पाच मिनिटं बाहेर बसावं. पाकीट फेकलं गेलं असेल तर फार्मसीचं बिल चालेल.